ओरखड्याची अट

"वर्षभर रोज वापरायचा, आणि परत आणशील तेव्हा नेला तसाच! एक जरी नवा ओरखडा दिसला तर याद राख!"

सोनकड्याच्या हिंदुरावमहाराजांनी कौतिकाला कॉम्प्युटरसाठी अशी अट घातली. बेदाणेवाल्या तात्यांची ही लेक. तात्यांनी माळावर द्राक्षं वाळत घातली रे घातली, की अवकाळी पाऊस न सांगता हजर! दरसालची रड. म्हणून कुणीतरी वर्षभर परदेशी जाऊन पाऊस आधीच ओळखायची विद्या शिकून यावी, असं दरबारात ठरलं. परीक्षा झाली आणि पहिली आली कौतिका. तिकीट दरबाराचं, जेवणखाण दरबाराचं, कॉम्प्युटरही दरबाराचा. तो मात्र तिनेच बाजारातून निवडायचा आणि निघण्याआधी महाराजांना दाखवायचा.

आता महाराजांचं सांगायलाच हवं. नवी वस्तू जपायचा त्यांना भारी सोस! सिंहासनावरचं प्लास्टिक राज्याभिषेकापासून तसंच होतं. महाराज बसले की चर्र, उठले की फर्र! उन्हाळ्यात तर घामाने असे चिकटायचे, की दोन हुजरे दोन्हीकडून ओढून काढायचे. कोचांवर प्लास्टिक, झुंबरांवर प्लास्टिक, आणि टीव्हीचा रिमोट तर दोन पिशव्यांत.

याआधी दोघे असेच परदेशी जाऊन आले होते. पहिला वैद्यकी शिकायला गेला. त्याने भीतीपोटी कॉम्प्युटर खोक्यातून काढलाच नाही. तो कोरा परत आला आणि हा पठ्ठ्याही कोराच परतला. दुसरा गेला पूल बांधायला शिकायला. शिकला झकास, पण कॉम्प्युटरच्या कोपऱ्यावर नखाएवढा ओरखडा घेऊन आला. पूल राहिला बाजूला! दोघेही आता दरबारात फडकं घेऊन प्लास्टिक पुसत होते.

"झेपत नसेल तर आत्ताच सांग, पोरी," दिवाणजी मिशीत हसले. "आमचा भाचा तयारच आहे. त्याला परदेशी जायची फार हौस."

"आणि शिकायची?"

"ते तिकडे गेल्यावर बघू!"

कौतिकाला असा राग आला! तात्यांचे काळे पडलेले बेदाणे तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. "झेपेल, महाराज. उद्या दुपारी कॉम्प्युटर घेऊन येते," ती म्हणाली आणि तडक बाजारात गेली. मागोमाग दिवाणजीही आले.

दुकानदाराने सोनेरी, चकचकीत कॉम्प्युटर पुढे केला. "आरसाच बघा, ताई! नुसतं बोट लावा, ठसा उमटतो!"

"हाच घे!" दिवाणजी खूश झाले.

कौतिकाचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या टेबलाकडे होतं. तिथे दोरीने बांधलेला एक कॉम्प्युटर होता. झाकणाला पोचे, कोपरे झिजलेले, बटणांवरची निम्मी अक्षरं पुसलेली.

"आणि तो हो?"

"छे, तो विकायचा नाही! तो गिऱ्हाइकांनी बडवून बघायचा. तीन वर्षं झाली."

"पडला कधी?"

"सहा वेळा. एकदा चहासुद्धा सांडला त्याच्यावर."

"मग बंद पडला असेल."

"कुठला! तेच तर दुखणं आहे, ताई. बंद पडला असता तर नवा मांडला नसता का?"

कौतिकाने तो चालू करून पाहिला, एका हाताने उचलून पाहिला, आणि म्हणाली, "दोरी सोडा!"

दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटर पाहून महाराज ओरडलेच. "अगं, हे कुठलं भंगार उचलून आणलंस?"

"महाराज, नेला तसाच परत आणायचा ना? मग आत्ता कसा आहे ते आधी लिहून घ्या."

कारकून भिंग घेऊन ओरखडे मोजायला बसला. "एकशे चाळीस... एकशे एक्केचाळीस... थांबा, हा मघाशी धरला होता का?" पुन्हा पहिल्यापासून! तिसऱ्यांदा चुकला तेव्हा त्याने कपाळाला हात लावला आणि लेखणी खाली ठेवली.

"वर्षाने मी हा घेऊन येईन," कौतिका म्हणाली. "त्यात नवा ओरखडा कुठला, ते महाराजांनी दाखवावं. सापडला, तर जन्मभर प्लास्टिक पुसेन!"

"लबाडी आहे ही!" दिवाणजी उसळले. "कॉम्प्युटर नवा कोरा नको?"

"असं अटीत कुठे होतं, दिवाणजी?"

महाराजांनी हनुवटी खाजवली. "पण इतका देखणा सोडून हाच का गं?"

"तो देखणा घेतला तर वर्षभर त्यालाच जपत बसेन. मग पाऊस कोण बघणार? महाराज, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"आपल्या सिंहासनाची गादी मऊ आहे की टणक?"

महाराजांनी तोंड उघडलं. "ती ना? ती..." तोंड उघडंच राहिलं. वीस वर्षं झाली होती गादीवर बसून, आणि ठाऊक नव्हतं! आधी खांदे हलले, मग पोट हललं, आणि महाराज असे खदाखदा हसत सुटले, की खालचं प्लास्टिक टरकन फाटलं.

"ओढा रे! सगळं ओढून काढा!"

सगळ्यांत आधी धावले ते फडकीवाले दोघे. महाराज पुन्हा बसले. ना चर्र, ना फर्र!

"अहाहा! अरे, ही एवढी मऊ होती होय? जा पोरी, खुशाल जा! आणि हे दोघेही उद्यापासून आपापल्या कामाला लागू देत. बोल, तुला काय बक्षीस हवं?"

"हे प्लास्टिक द्या, महाराज. मी शिकून येईपर्यंत पाऊस काही सांगून येणार नाही. तात्यांच्या बेदाण्यांवर घालायला होईल!"

महाराजांना हसता हसता ठसका लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "दिवाणजी, गाडी भरा! आणि बघता काय? रिमोटच्या त्या दोन पिशव्याही काढा!"