जिवाजी तांबटाची थाळी

गोदावरीच्या काठी एका गावात जिवाजी नावाचा तांबट राहत होता. हंडे, घागरी, बंब, पराती यांवर त्याचा हात बसलेला होता. पण त्याचे नाव झाले होते ते घटिकापात्रामुळे. तळाला बारीक छिद्र पाडलेले तांब्याचे ते वाडगे पाण्यावर सोडले की हळूहळू भरत जाऊन बरोबर एका घटकेत बुडे. आसपासच्या दहा गावांतल्या लग्नांचे मुहूर्त जिवाजीच्या वाडग्यांवर लागत. वाडगे कधी चुकले नाही, असे लोक म्हणत. लोक म्हणायला विसरले तर जिवाजी स्वतः म्हणे.

दोन गोष्टींचा त्याला मनापासून तिटकारा होता. एक उन्हाळा, आणि दुसरी म्हणजे रोज तेच ते काम हाताने करणे.

एका वर्षी तो बायकोला घेऊन उत्तरेच्या यात्रेला गेला. तिचे नाव गिरजा. वाटेत हिमालयातल्या मल्लीधार नावाच्या एका लहानशा गावात त्यांचा मुक्काम पडला. तिथल्या देवळातला मोठा हंडा गळत होता. जिवाजीने तो एका दुपारी डाग देऊन नीट केला. गावात तांबट नव्हता. लोक म्हणाले, "इथेच राहा. घर आम्ही देतो." ज्येष्ठाचा महिना होता आणि जिवाजीच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. तो राहिला. गिरजेला कोणी विचारले नाही. तीही राहिली.

त्यांना मिळालेले घर गावाच्या अगदी शेवटी, डोंगराच्या वळणापलीकडे होते. दगडी भिंती, एकच दार, छपरात धूर जायला हात शिरेल एवढे भोक. वीस पावलांवर एका कपारीत झरा होता; आडोशामुळे तो थंडीतही सहसा गोठत नसे. वळणामुळे गावातल्या कोणाला हे घर दिसत नसे आणि या घरातून गाव दिसत नसे. जिवाजीला हे फार आवडले. कोणाची कटकट नाही, असे तो म्हणाला.

मार्गशीर्षात पहिले बर्फ पडले. जिवाजी लहान मुलासारखा अंगणात धावला. मूठभर बर्फ त्याने गुळाबरोबर खाल्ले. दुसऱ्या दिवशीही त्याने कौतुक केले. तिसऱ्या दिवशी अंगणात राहिलेली हातोडी उचलायला गेला तर तिचा लोखंडी भाग तळहाताला चिकटला आणि सुटताना कातडे घेऊन गेला. त्यानंतर कौतुक संपले. आठ दिवसांत तो गोदाकाठच्या उन्हाची अशी आठवण काढू लागला, की गिरजेला हसू आवरेना.

पहिल्या बर्फाच्या दुसऱ्याच दिवशी खिमसिंग नावाचा मेंढपाळ त्यांच्या दारात आला होता. वळणाच्या अलीकडचे पहिले घर त्याचे. त्याच्या हातात पितळेची एक थाळी होती.

"तांबटदादा, उद्यापासून ही वाजवायची," तो म्हणाला.

रीत अशी होती. वाटा बर्फाने बंद झाल्या की त्या उघडेपर्यंत रोज सकाळी, समोरच्या शिखरावर ऊन आले की गावात सर्वांत वरच्या घरातली म्हातारी थाळीवर तीन टोल देई. तिला सगळे आमा म्हणत. तिकडे आजीला आमाच म्हणतात. आमाची थाळी ऐकली की खालच्या घराने तीन टोल द्यायचे, मग त्याखालच्या घराने, असे करत करत शेवटच्या घरापर्यंत. ज्या घरातून उत्तर येणार नाही, तिकडे सगळे गाव हातातला घास टाकून फावडी घेऊन धावत असे. आभाळ भरलेले असले तर आमा अंदाजाने वेळ धरी. पण थाळी चुकवत नसे.

"पण कशासाठी?" जिवाजीने विचारले.

"तुम्ही आहात, हे आम्हाला कळावं म्हणून."

"मी कुठे जाणार? मी आहेच."

खिमसिंग हसला आणि थाळी ठेवून गेला.

दहा-बारा दिवस जिवाजीने थाळी वाजवली. गोधडीतून उठायचे, पायांत लोकरीचे मोजे चढवायचे, दार ढकलायचे, बोचऱ्या वाऱ्यात उभे राहून आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. शेवटचे घर त्याचेच, त्यामुळे थांबणेही सर्वांत जास्त. एवढे करून सांगायचे काय, तर मी आहे. काल होतो, आजही आहे. जिवाजीला याचा वीट आला.

"मी वाजवत जाईन," गिरजा म्हणाली.

"तूही नको आणि मीही नको," जिवाजी म्हणाला. "ज्याने लोकांचे मुहूर्त सांभाळले, त्याला तीन टोल जड आहेत का?"

तो कामाला लागला. कपारीतल्या झऱ्याला त्याने बारीक पन्हळ लावली. पन्हळीखाली तांब्याचे एक पात्र आसावर टांगले. थेंब थेंब पाणी पडून ते एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत भरे. भरले की भाराने कलंडे. कलंडताना तीन दात्यांचे एक चाक फिरे आणि लाकडी ठोकळा थाळीवर तीनदा आपटे. मग रिकामे पात्र पुन्हा जागेवर येई. चार दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून थेंब मोजले, छिद्र कमी-जास्त केले. पाचव्या दिवशी आमाची थाळी वाजली, एकेका घराने उत्तर दिले, खिमसिंगने उत्तर दिले, आणि जिवाजी गोधडीत पडून असताना कपारीतून टोल आले. ठण्, ठण्, ठण्.

जिवाजीने गोधडी कानावर ओढली. इतके गाढ समाधान त्याला बऱ्याच दिवसांत मिळाले नव्हते. गिरजा मात्र चुलीपाशी बसून म्हणाली, "हे मला बरं दिसत नाही."

"वाजतंय ना? मग झालं!"

गावात कोणाला काही कळले नाही. थाळी रोज वाजत होती आणि तेवढेच ऐकायची गावाची सवय होती.

पौषात सलग तीन दिवस बर्फ पडले. चौथ्या दिवशी पहाटे घरामागच्या उतारावरून बर्फाचा मोठा लोट घसरला आणि घरावर आला. भिंती टिकल्या. दार मात्र बाहेरून पार गाडले गेले. ते उघडायला जिवाजीने सगळा जोर लावला, तेव्हा वरची तुळई निसटून त्याच्या पायावर पडली. नडगीचे हाड मोडले. गिरजेने कसेबसे तुळई बाजूला सारून त्याला चुलीशेजारी ओढत आणले. धुराचे भोकही बुजले होते. तिने काठीने टोकरून ते मोकळे केले. तिथून बोटभर आभाळ दिसले.

जिवाजी वेदनेने पांढराफटक पडला होता, पण त्याची अक्कल शाबूत होती. "घाबरू नकोस," तो म्हणाला. "आता थाळ्या वाजतील. आपल्या घरून उत्तर गेलं नाही की सगळे धावत येतील."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःच्या बोलण्याचा अर्थ कळला. गिरजेला तो आधीच कळला होता.

लांबून आमाची थाळी वाजली. एकेक घर उत्तर देत गेले. खिमसिंगचे टोल आले. मग कपारीतून, जिथे लोट पोहोचला नव्हता तिथून, आले. ठण्, ठण्, ठण्.

"अहो," गिरजा हळूच म्हणाली, "आपण बरे आहोत, असं सांगतंय ते."

त्यांनी ओरडून पाहिले. धुराच्या भोकातून आवाज बाहेर पडे आणि वळणाशी विरून जाई. मग गिरजेने एक हंडा ओढला आणि त्यावर हातोडीने घाव घालायला सुरुवात केली. हा आवाज मात्र वळण ओलांडून गेला. खिमसिंग मेंढ्यांना पाला घालत होता. त्याने कान टवकारले आणि बायकोला म्हणाला, "ऐकलंस? एवढ्या गारठ्यातही तांबटदादाचं काम चालूच. कष्टाळू माणूस!" बायकोने मान डोलावली आणि तू मात्र कसा आळशी आहेस, हे त्याला सविस्तर सांगितले.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. त्या दिवशी मधल्या एका घरातून उत्तर आले नाही. झाडून सगळे गाव तिकडे धावले. बर्फ उपसून दार उघडले, तर आत एक म्हातारा घोरत पडला होता. त्याला झोप लागली होती, एवढेच. लोकांनी त्याला चार शिव्या घातल्या, त्याच्या घरचा चहा घेतला आणि हसत हसत आपापल्या घरी गेले. खिमसिंगला वाटेत क्षणभर तांबटाकडे डोकवावेसे वाटले. पण वळणावर कमरेएवढे बर्फ होते. शिवाय तांबटाची थाळी वाजली होती. तो परत फिरला.

तिसऱ्या दिवशी घरातले सरपण संपले. गिरजेने पाट जाळला, मग पेटीचे झाकण, मग हातोड्यांचे दांडे एकेक करून. जिवाजी पडल्या पडल्या पाहत होता. त्याचा पाय सुजून खांबाएवढा झाला होता. पायापेक्षाही त्याला दुसरेच सोसवत नव्हते. गिरजा एका शब्दानेही त्याला बोलली नव्हती. ती बोलली असती तर त्याला बरे वाटले असते.

"आज नाही वाजणार," तो सकाळी म्हणाला. "चाकाचा एक दाता मी जरा कच्चाच बसवला होता."

दाता कच्चा नव्हता. जिवाजीने जन्मात कधी कच्चे काम केले नव्हते. थाळी वाजली.

जिवाजीने डोळे मिटले. आपल्या हातचे काम बिघडावे, असे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटले. तांब्याला, आसाला, दात्यांना, एकेकाला नाव घेऊन तो मनात विनवू लागला, की बाबांनो, मोडा. त्याला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही. गिरजेने पदराने त्याचा चेहरा पुसला. तिचे हात बर्फासारखे गार होते.

चौथ्या दिवशीही थाळी वाजली. त्या दिवशी त्यांनी उरलेले मूठभर पीठ पाण्यात कालवून प्यायले. जाळायला आता फक्त बसायची फळी उरली होती.

त्या संध्याकाळी आभाळ निवळले. ढगांचे पांघरूण गेले आणि थंडी अशी काही वाढली, की गावातली म्हातारी माणसेसुद्धा असा गारठा पाहिला नाही म्हणाली. घरात पाण्याचा तांब्या गोठून तडकला. जिवाजी आणि गिरजा एका गोधडीत एकमेकांना धरून पडून राहिले. त्यांना आता हुडहुडीसुद्धा भरत नव्हती.

पाचव्या सकाळी आमाची थाळी वाजली. एकेक घर उत्तर देत खाली आले. खिमसिंगचे टोल आले.

मग काहीच आले नाही.

गिरजा उठून बसली. तिने जिवाजीचा दंड धरला. दोघे कान देऊन ऐकत राहिले. झऱ्याची पन्हळ गोठली होती आणि पात्रात शेवटचे ओंजळभर पाणी पडलेच नव्हते. ज्या थंडीला जिवाजी महिनाभर लाखोली वाहत होता, तिने त्याचे यंत्र बंद पाडले होते.

थोड्याच वेळात वळणावर माणसांचा गलबला ऐकू आला. मग फावड्यांचा आवाज आला. मग खिमसिंगची हाक आली, "तांबटदादा! वहिनी!" गिरजेने हाकेला ओ दिली. तिच्या घशातून जेमतेम फुंकरीएवढा आवाज निघाला, पण त्यांना तेवढाही पुरला.

सबंध गाव आले होते. त्यांनी दार मोकळे केले, आत विस्तव आणला, जिवाजीच्या पायाला फळ्या बांधल्या, दोघांना दूध पाजले. कालच्या दिवसापर्यंत थाळी कशी वाजत होती, हे मात्र कोणाला उमगेना. तेवढ्यात कपारीकडे गेलेला खिमसिंग ते सगळे यंत्र उचलून घेऊन आला. पात्राच्या काठाला बर्फाची दाढी लोंबत होती. त्याने ते आमापुढे ठेवले. तीन कोस चालावे लागले असते तरी म्हातारी आली असती, अशी ती बाई होती.

 जिवाजीनेच खाली मान घालून सांगितले, "आमा, मी तुम्हा सगळ्यांना फसवलं."

"आम्हाला कुठे?" आमा म्हणाली. "आम्ही तर रोज थाळी ऐकून निश्चिंत होऊन जेवलो. उपाशी तूच राहिलास, बाबा. आणि ही तुझी बायको."

 जिवाजीने शेजारी पडलेला हातोडीचा लोखंडी तुकडा उचलला आणि यंत्रावर मारायला हात वर केला. आमाने त्याचा हात धरला.

"मोडू नकोस. काम सुरेख आहे. उन्हाळ्यात मक्याच्या शेतात रानडुकरं शिरतात, तिथे लावू. डुकराला घाबरवायला माणूस नसला तरी चालतं. शेजाऱ्याला आपली खुशाली कळवायला माणूसच लागतो."

दुसऱ्या दिवशी शिखरावर ऊन आले, तेव्हा जिवाजी खिमसिंगच्या खांद्यावर भार टाकून दारापर्यंत गेला आणि आपली पाळी येईपर्यंत तो थंडीत थांबून राहिला. थाळी गिरजेने धरली आणि टोल त्याने दिले.

तात्पर्य: आपण बरे आहोत की नाही, हे शेजाऱ्याला आपले आपणच सांगावे. ज्याला रोज एवढे सांगण्याचा कंटाळा येतो, तो संकटात सापडला तरी लोक त्याला सुखीच समजतात.