होळीतली खाजकुइली

एका गावात एक आरंभशूर गृहस्थ राहत होता. कुठलंही काम तो मोठ्या थाटात हाती घ्यायचा आणि शेवटचं चिमूटभर तेवढं तसंच सोडायचा. भिंत सारवायला घेतली की खिडकीपर्यंत सारवून व्हायची. बाज विणायला घेतली की अर्धी विणून व्हायची, आणि मग तिच्यावर झोपणाऱ्याची कंबर जमिनीला टेकायची. बायकोने काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "झालंच की गं! आता राहिलंय काय?"

जे राहिलेलं असायचं ते बायको करायची. वैतागायची, भांडी आपटायची, पण करायची.

एका पावसाळ्यात त्यांच्या परसातल्या कुंपणावर खाजकुइलीचा वेल चढला. ज्यांनी खाजकुइली पाहिली नाही ते भाग्यवान. पानं घेवड्यासारखी, फुलांचे घोस जांभळे, आणि मग धरतात शेंगा. शेंगांवर सोनेरी मखमल असते. ती मखमल म्हणजे बारीक बारीक कुसळं. शेंग वाळली की नुसत्या वाऱ्याने ती उडतात, अंगाला चिकटतात, आणि माणूस खाजवून खाजवून रक्त काढतो.

बायकोचं माहेर डोंगरातलं. तिने हा वेल लांबूनच ओळखला. श्रावणातच ती म्हणाली, "अहो, आत्ता वेल हिरवा आहे, शेंगा धरल्या नाहीत. आत्ताच मुळासकट उपटून टाका."

"श्रावणाचे उपास संपू देत," नवरा म्हणाला. मग गणपती होऊ देत, मग दसरा होऊ दे, मग दिवाळीचा फराळ संपू दे. वेलाला कसले सणवार? तो वाढत राहिला. शेंगा धरल्या, भरल्या, वाळल्या.

त्यांना पाच वर्षांची एक मुलगी होती. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा तिला त्या मखमली शेंगांवरून फिरवायचा होता. आईने डोळे वटारले की ती पळायची आणि आईची पाठ वळली की पुन्हा कुंपणाशी यायची. आईचा जीव दिवसभर टांगणीला.

"अंगाला लागलं तर पोर रडेल आणि बरी होईल," ती नवऱ्याला म्हणायची. "पण डोळ्यात गेलं तर? दुसरे डोळे कुठून आणणार आहात?"

"उद्या करतो," नवरा म्हणायचा. आता अशा माणसाला काय म्हणावं!

शेवटी होळीच्या दिवशी सकाळी बायकोने पुरणाची डाळ उचलून फडताळात ठेवली आणि दाराशी फतकल मारून बसली. "वेल गेल्याशिवाय आज पुरण शिजणार नाही."

पुरणपोळीचं नाव ऐकून गृहस्थ उठला. बायको बरोबर गेली, कारण ती त्याला ओळखून होती. "थांबा, तसं नाही. आधी वेलावर पाणी शिंपडा, म्हणजे कुसळं जागच्या जागी बसतील. बाह्या खाली घ्या. तोंडाला फडकं बांधा, हातांनाही गुंडाळा. आणि काही झालं तरी त्या हाताने नाक पुसू नका."

गृहस्थाने सगळं ऐकलं. लांब काठीच्या आकडीने त्याने वेल हळूहळू खाली ओढला, ओल्या गोणपाटात गुंडाळला, बुंध्याशी खणून मूळही काढलं. एकही कुसळ उडालं नाही. बायको तोंडात बोट घालून बघत राहिली.

"आता हे माळाच्या टोकाला न्या आणि खोल खड्ड्यात पुरा," ती म्हणाली. "आणि ऐका, जाळायचं नाही. जाळलं की धुराबरोबर कुसळं वर चढतात आणि गावभर होतात."

"अगं, कळलं! मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

माळावर जाऊन त्याने कुदळ मारली. फाल्गुनातली जमीन. वीतभर खड्डा झाला आणि खाली दगड लागला. दुसरीकडे खणलं, तिथेही दगड. गृहस्थाने कपाळाचा घाम बाहीने पुसला आणि गोणपाट उचलून घरची वाट धरली. वाटेत गावाचं मैदान होतं, आणि मैदानात रचून ठेवलेली होळी होती. लाकडं, गोवऱ्या, मोडकी खुंटाळी, जुनी कुंपणं, सगळं तिच्यात पडलेलं.

त्या गावाची एक रीत होती. होळीत एकदा पडलेलं कुणी परत काढायचं नाही. कुणाचं दार उचलून पोरांनी होळीत टाकलं, तरी त्याने हात जोडून घरी जायचं. कारण रचलेली होळी मोडणं म्हणजे अपशकुन. गृहस्थाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जळून राख झाल्यावर कसली खाज, असं म्हणून त्याने गोणपाट हळूच गोवऱ्यांच्या मागे सारलं.

मग नदीवर जाऊन स्वच्छ अंघोळ केली. कपडे वेगळे धुतले, आकडीसुद्धा घासली. स्वतःच्या अंगाची काळजी बरोबर घेतली हो त्याने!

"पुरलंत?" बायकोने विचारलं.

"झालंच की!" तो म्हणाला. बायकोने आनंदाने डाळ चुलीवर चढवली.

संध्याकाळी सगळा गाव मैदानात जमला. बायका नैवेद्य घेऊन आल्या, हलगी घुमू लागली, पाटील पेटता पलिता घेऊन पुढे झाले. इतक्यात वारा फिरला आणि माणसांच्या दिशेने वाहू लागला. गृहस्थाला बायकोचे शब्द आठवले.

अजून वेळ होता. "पाटील, थांबा" एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण मग रचलेली होळी उपसावी लागली असती. लोक हसले असते. बायकोला कळलं असतं. आणि एवढ्याशा कुसळांनी काय होतंय? त्याने तोंड मिटून घेतलं आणि लेकीचा हात धरून तिला दोन पावलं मागे ओढलं. दोनच! माणूस धोका ओळखतो आणि दोन पावलं मागे सरतो, यापेक्षा धोका न ओळखलेला बरा.

"मला पुढे जाऊन बोंब मारायचीय!" म्हणत मुलगी हात सोडवून पळाली.

होळी पेटली. नवरा-बायको, म्हातारे-कोतारे, सगळे तोंडावर पालथा हात मारून बोंबलू लागले. धूर लोकांमध्ये घुसला. पाटलांनी मान खाजवली, मग पाठ, मग दोन्ही हातांनी पोट. हलगीवाल्याने हलगी टाकली आणि तो कुल्ले झटकत उड्या मारू लागला.

"पाटील नाचतायत! यंदा होळी रंगली!" मागचे लोक ओरडले आणि आणखी जोरात बोंबलले. मग धूर त्यांच्यापर्यंत पोचला आणि तेही नाचू लागले. होळीच्या दिवशी खरा बोंबलणारा कोण आणि रीतीने बोंबलणारा कोण, हे कसं कळावं?

आईला कळलं. एवढ्या गलक्यात तिने आपल्या मुलीचा आवाज ओळखला. ती माणसं ढकलत पुढे गेली. मुलीचे हात तोंडावर नव्हते, डोळ्यांवर होते.

"आई, डोळ्यात काट्टे! आई!"

आईने तिला उचललं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "पुरलं नाहीत ना तुम्ही?" गृहस्थाची मान खाली गेली. बायको लेकीला घेऊन धुराबाहेर, घराकडे धावली. गृहस्थ वैद्यांना बोलवायला पळाला.

वैद्य स्वतःच्या मानेला चाललेली आग सोसत आले. "स्वच्छ पाण्याची धार सोडत राहा," ते म्हणाले. "अंगाला कणकेचा गोळा नुसता टेकवून उचला, कुसळं त्याला चिकटून येतील. घासू नका. आणि पोरीचे हात धरून ठेवा. डोळे चोळले तर बुबुळावर ओरखडे पडतील, मग माझ्या हातात काही नाही."

आई पाणी घालू लागली. बापाने लेकीचे दोन्ही हात धरले.

"बाबा, सोडा ना! बाबा, आग होतेय! सोडा!"

"नाही सोडता येत गं, बाळा."

"तुम्ही दुष्ट आहात!"

त्याने हात सोडले नाहीत. जन्मात पहिल्यांदा एखादं काम तो मध्येच सोडू शकत नव्हता. दुसऱ्या दिवशी धुळवड कुणीच खेळलं नाही. गाव अंगाला ताक चोपडून दारात बसला होता. पाटील विचारपूस करायला आले, तेव्हा गृहस्थ लेकीचे हात धरूनच म्हणाला, "पाटील, वेल मी टाकला होता. रचलेली होळी मोडायची नसते म्हणून बोललो नाही."

"अरे शहाण्या!" पाटील कपाळावर हात मारून ओरडले. "लाकडं पुन्हा रचता आली असती की!"

सूज उतरायला बरेच दिवस लागले. मग एका सकाळी मुलीने डोळे किलकिले केले आणि "आई, तुझं कुंकू पुसलंय," असं म्हणाली. आईला रडू फुटलं. डोळे वाचले होते.

गावाने रीत बदलली. दरवर्षी होळी पेटवण्याआधी ती सगळ्यांसमोर उपसायची आणि पुन्हा रचायची, आणि ते काम त्याच गृहस्थाने करायचं. पुढच्या होळीला त्याने भर उन्हात लाकूड न् लाकूड उचलून पाहिलं, शेवटची गोवरीसुद्धा उलटून पाहिली. हाताची सालटं निघाली, पण काम पुरं केलं.

मुलगी मैदानाच्या कडेला आईचा पदर धरून उभी होती. तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "बाळा, मी सगळं बघितलं. काही नाही त्यात. चल, पुढे उभी राहा."

मुलगी जागची हलली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे वळून विचारलं, "आई, तू बघितलंस?"

आईने पदर सोडवून घेतला आणि ती होळीकडे गेली. तिने एकेक लाकूड पुन्हा उचलून पाहायला सुरुवात केली. गृहस्थ बाजूला उभा राहिला. ती परत येईपर्यंत त्याची लेक त्याच्यापासून दोन हात लांब उभी होती.

तात्पर्य: पीडा घालवायची तर शेवटपर्यंत घालवावी. दुसऱ्याच्या ढिगात दडवलेली पीडा आपल्याच लेकराच्या डोळ्यात जाते, आणि डोळे बरे झाले तरी लेकराचा विश्वास लवकर बरा होत नाही. आणि खाजकुइली जाळू नये. हे आणखी कितीदा सांगायचं?