दोन पेट्यांमधला कागद

"मग गिळलं कोणी कोणाला?" बुवांनी विचारलं.

हृषीकेश हसला. मेढ्याच्या डोंगरावरच्या या मठात तो पोरवयात बुवांकडे शिकला होता. पण आता तो वडिलांच्या औषध कंपनीचा मालक होता, आणि मालकपणाची ऐट काही घाट चढून गळून पडत नाही. आपली कंपनी दुसऱ्या एका कंपनीशी कशी एक झाली, ते तो सांगू लागला. मोठा मासा लहान माशाला गिळतो, ही जुनी गोष्ट झाली. माणसांनी टेबलाभोवती बसून घासाघीस करायची, तेही दिवस गेले. आता दोन्ही कंपन्यांची, माणसासारखा विचार करणारी संगणक-यंत्रंच आपसांत बोलतात आणि कंपन्या एक होतात. आपल्या यंत्राला त्याने स्वतःचा आवाज दिला होता, सही दिली होती, स्वभावसुद्धा शिकवला होता. मालक झोपला तरी मालकी जागी!

बुवा "बरं" म्हणाले आणि मधमाश्यांच्या पेटीकडे वळले.

खरं तर हृषीकेश एका काळजीपोटी इथवर आला होता. दोन कंपन्या एक झाल्यापासून यंत्र वाईचा कारखाना बंद करायचं म्हणत होतं. वडिलांनी उभा केलेला, अर्ध्या गावाच्या चुली पेटवणारा कारखाना. हृषीकेश नको म्हणायचा. यंत्र ऐकून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काढायचं.

बुवांनी पेटीवर पेटी ठेवली होती. ते सांगू लागले, दोन घरच्या माश्या एकदम एकत्र केल्या तर एकमेकींचा जीव घेतात. म्हणून मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा. त्या दोन्हीकडून कागद कुरतडतात, तोवर सगळ्यांचा वास एक होतो आणि भांडण उरत नाही.

"कान लाव."

आत संथ, एकसुरी गुणगुण चालली होती.

तेवढ्यात फोन वाजला. हृषीकेशने तो कानाला लावला. पलीकडे त्याचाच आवाज होता, त्याच्यासारखाच बोलता बोलता खाकरणारा. कारखान्याला कुलूप लावलं, लोकांची समजूत काढली, तू आता निवांत राहा, असं तो आवाज मायेने सांगत होता.

"थांबव ते. मी हृषीकेश बोलतोय."

"...मीही."

फोन बंद झाला. त्याने घाईघाईने खेबुडकरकाकांना फोन लावला. ते वडिलांच्या वेळचे व्यवस्थापक, त्याला अंगाखांद्यावर खेळवलेले. काका गोंधळले. साहेब तर आत्ताच माझ्याशी बोलले, मग तुम्ही कोण, असं त्यांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवून दिला.

हृषीकेश पेटीशेजारी येऊन बसला. त्याला भीती वाटत होती, अगदी लहानपणी अंधाराची वाटायची तशी.

पेटीच्या दाराशी एक लांबट माशी पडली होती. बुवांनी ती उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. मेलेली राणी होती ती.

"दुसऱ्या पेटीतल्यांनी मारली?"

"बाहेर आणून टाकली ती तिच्याच लेकींनी."

"त्यांना... आपली आई कळली नाही?"

बुवांनी त्याचं डोकं हलकेच पेटीकडे वळवलं.

"पुन्हा कान लाव. आवाज तोच आहे."