वाकड्या पानाचा राजा

एका राज्यात हंबीर नावाचा राजा होता. देखणा, पण तोंडाला लगाम नाही. एकदा भर दरबारात तो मांत्रिकाच्या दाढीला हसला. मांत्रिकाने चुटकी वाजवली आणि राजाचं झालं रोप. शिकलेले लोक त्या रोपाला बेगोनिया म्हणतात. मांत्रिकाने ते ओल्या कड्यावर, नाना झाडपाल्यात नेऊन लावलं.

सगुणा राणी अनवाणी कड्याशी आली.

"तीन कामं कर नि नवरा ने," मांत्रिक म्हणाला. "चुकलीस तर तो जन्मभर पाला. पहिलं, त्याला ओळख."

राणी एकेक पान मधोमध दुमडून बघत गेली. सगळ्यांच्या बाजू जुळल्या. एकाच्या काही जुळेनात. एक बाजू फुगीर, दुसरी रोडकी.

"हेच आमचे. माणूस होते तेव्हाही सरळ नव्हते."

कपारीतला धनेश पक्षी फिसकन हसला.

"दुसरं, यातलं बी धरणारं फूल दाखव."

रोपावर गुलाबी फुलं होती, वरून सगळी सारखीच. राणीने ती उलटी करून पाहिली. बहुतेकांच्या पाठीशी नुसता देठ. एकाच्या पाकळ्यांखाली मात्र तीन पंखांची हिरवी कुपी.

"ही लेकुरवाळी," राणी म्हणाली. "बाकीचे चार दिवस मिरवून गळणारे बाप्ये."

मांत्रिक चिडला. त्याने रोप उपटून तापल्या खडकावर भिरकावलं. बघता बघता ते वाळलं. धनेशाने झडप घालून एक पान तेवढं चोचीत वाचवलं.

"तिसरं," मांत्रिक म्हणाला, "या पानातून नवरा उगवून दाखव."

धनेश म्हणाला, "राणीसाहेब, काट्याने पानाच्या शिरा चिरा, नि ओल्या शेवाळावर टेकवा."

"त्यांना दुखेल."

"रोज टोचून बोलायच्या, तेव्हा विचारलंत कधी?"

राणीने काट्याने शिरा चिरल्या नि पान शेवाळावर टेकवलं. वरून पदराची सावली धरली आणि बसून राहिली. सरी आल्या, गेल्या. ती हलली नाही. एका सकाळी चिरेचिरेतून इवली इवली रोपं वर आली. सगळ्यांची पानं वाकडी.

"आता यातला तुझा कोणता?" मांत्रिक म्हणाला. "एकच निवड. बाकीचे उपटतो."

"एकालाही हात लावू नकोस. एका पानाचे आहेत. सगळे तेच आहेत."

ते ऐकताच शाप तडकला. मांत्रिकाची विद्या धुरासारखी निघून गेली. रोपं एकात एक मिटली आणि तिथे राजा उभा राहिला. अंगभर बारीक बारीक वण.

राणीने वणांवरून बोट फिरवलं. "फार दुखलं का हो?"

"कळलंच नाही," राजा म्हणाला. "वर तुझी सावली होती ना."

दोघं नगरात परतली, राज्य मार्गी लागलं. त्यांचं भलं झालं, ऐकणाऱ्याचंही होवो.