दिवा गिळणारी हडळ

तिन्हीसांजेच्या धुक्यात, खिंडीतल्या डाव्या वळणावर नर्स यमुताई घोगरेंच्या मोटरसायकलचा दिवा विझायचा. काळोखात दरीतून गार वारा मानेवर यायचा. वळण सरलं की दिवा आपोआप लागायचा.

“खिंडीतली हडळ दिवा गिळते,” भगत रावजीबुवा गावासमोर गरजला. “संध्याकाळी ती वाट बंद!”

मग पलीकडच्या बाळंतिणींकडे जायचं कसं? यमुताईंनी गाडी तपासली. हँडल डावीकडे वळवलं की आतून तुटत आलेली वायर ताणली जायची आणि दिवा जायचा.

त्यांनी गाडी बुवाच्या अंगणात नेली, गावासमोर हँडल वळवलं. दिवा विझला.

“बुवा, हडळ तुमच्या दारात आलीय. आता वाट बंद करायची, की तुमचं घर?”

वायर जोडून यमुताई खिंडीकडे निघाल्या.