मोटारीवरचा माठार

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. नगराला राजा होता, राजाला राणी होती, आणि राजवाड्यामागच्या आळीत एक तांबट होता. तांबटाचं नाव दाजीबा, बायकोचं नाव सगुणा, आणि एकुलत्या लेकाचं नाव मुकुंदा.

तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा. हंडा आकाराला आला तरी तांबटाचं काम संपत नाही. मग तो हातोडीनं हंड्याच्या अंगभर बारीक ठोके देतो, एकाला लागून एक, ओळीला ओळ लावून. त्यानं भांडं घट्ट होतं, आणि उन्हात धरलं की लखलखतं. त्याला म्हणायचं माठार. प्रत्येक घराचा माठार निराळा. दाजीबाचा तिळासारखा बारीक होता. न बघता नुसतं बोट फिरवावं आणि सांगावं, हा हंडा दाजीबाचा.

त्याला याचा फार अभिमान. असावाच की! पण तो अभिमान वाढत वाढत इतका वाढला, की दुसऱ्याच्या हाताची खूण त्याला समोर सोसवेना.

मुकुंदा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि त्यानं पहिला हंडा एकट्यानं घडवला. त्याचा माठार जरा मोठा पडला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. हंडा ठेवून तो बाजाराला गेला. संध्याकाळी आला तर हंडा तसाच जागेवर, पण अंगभर तीळच तीळ.

"बाबा, माझा हंडा कुठं आहे?"

"हा काय, समोर. जरा नीट करून ठेवला."

मुकुंदानं हंड्यावरून हात फिरवला. म्हणाला, "हा तुमचा आहे. या घरात माझं काही राहायचंच नाही."

बायकोला घेऊन तो घाट उतरून गेला. पलीकडच्या गावात यंत्रं दुरुस्त करायला लागला. त्याला मुलगी झाली. ती रांगायला लागली, चालायला लागली. सगुणाला हे सगळं कळायचं ते घाटातून येणाऱ्या कासाराकडून, बांगड्या भरता भरता.

"आजीवर गेलीय म्हणे," ती दाजीबाला सांगायची.

दाजीबा हातोडी आपटायचा. पण ठोका चुकायचा.

एके दिवशी दवंडी आली. राजेसाहेब केव्हाच वारले होते, आता राणीसाहेब त्यांची मोटार विकणार होत्या. ही मोटार राजेसाहेबांनी समुद्रापलीकडून, जर्मनी नावाच्या मुलखातून आणवली होती. दोनच दारं, बसका टप, आणि मागं कासवाच्या पाठीसारखा उतरत गेलेला आकार. रंग समुद्राचा. मुकुंदा लहान असताना ती आळीवरून गेली की भाता सोडून रस्त्यावर धावायचा, आणि धूळ खाली बसेपर्यंत उभा राहायचा.

दाजीबाच्या मनात आलं, ही मोटार दारात आणली तर पोरगा येईल.

सगुणा म्हणाली, "मोटार कशाला? दोन गोड शब्द पाठवा."

"शब्दांनी यायचा असता तर केव्हाच आला असता."

"पाठवले होते का कधी?"

दाजीबा पागोटं बांधून राजवाड्यावर गेला.

राणीसाहेब थकल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मोटार गवताच्या गंजीशेजारी, पडवीत उभी होती. आत कोंबड्या अंडी घालायच्या. खालचा पत्रा गंजून जाळी झालेला, दारं चेपलेली, चाकांचं रबर उंदरांनी नेलेलं.

"मोडीत घालायला जीव होत नाही, आणि समोर बघवतही नाही," राणीसाहेब म्हणाल्या. "तू काय करणार हिचं?"

"हिला होती तशी करणार, सरकार."

"मग पैसे नकोत मला. देवळाच्या मुदपाकखान्याला हंडे-पातेली घडवून दे, तेच हिचं मोल. आणि झाली की एकदा मला बोलव."

त्या पावसाळ्यात दाजीबानं देवळाची भांडी घडवली. घाम गाळून, एकट्यानं. पाऊस सरल्यावर बैल जुंपून मोटार ओढत आळीत आणली. सगळी आळी दारात आली. तेव्हा बाजारात पांढऱ्या हलक्या धातूची पातेली आली होती, लोक त्यांना जर्मनची पातेली म्हणायचे, आणि त्यांनी तांबटांचा धंदा पार बसवला होता.

शेजारचा हरबा ओरडला, "दाजीबा, जर्मनच्या पातेल्यांनी आपली चूल विझवली, आणि तू तर जर्मनची मोटारच घरात घेतलीस! आता हिच्यात भात लावणार का?"

"तुझ्या तेराव्याला लावतो," दाजीबा म्हणाला. आळी हसली. सगुणा मात्र घाटाच्या वाटेकडे बघत होती. कासाराबरोबर मुकुंदाला निरोप गेला होता.

निरोपाचं उत्तर आलं ते असं, "मोटारीसाठी येतो. मुक्काम धर्मशाळेत करीन. मोटार चालली की मी निघालो."

मुकुंदा आला. आईच्या पाया पडला, ओसरीवर पाणी प्याला, पण उंबरा ओलांडला नाही. सगुणा रोज त्याची भाकरी मोटारीपाशी नेऊन ठेवायची. तो जेवायचा, ताट घासून ओसरीवर ठेवायचा. परक्या घरी ठेवावं तसं.

बापलेक कामाला लागले. मुकुंदानं इंजिन खाली उतरवलं. एकेक भाग तेलात भिजवला, पुसला, झिजला होता तिथं नवा घडवला. दाजीबानं पत्रा घेतला. गंजलेला कापून काढला, नवा जोडला. तांबं तापवलं की मऊ पडतं, सांगाल तसं वळतं. हा पत्रा तसा ऐकेना. पण दाजीबाचे हातही साधे नव्हते. हळूहळू दारं सरळ झाली, पाठ पुन्हा कासवासारखी उतरायला लागली.

दोघांत बोलणं कामापुरतंच. एकदा मुकुंदा म्हणाला, "बाबा, पत्रा तेवढा सरळ करा. वर काही नको."

"बरं," दाजीबा म्हणाला.

मग मुकुंदा चाकांचं रबर आणायला आपल्या गावी गेला. मोटार दारात उभी होती, गुळगुळीत, रंगाशिवाय, नुसत्या पत्र्याची. दाजीबा तिच्याभोवती फिरला. त्याला ती उघडी वाटली. इतके कष्ट केले, आणि अंगावर खूण कसलीच नाही? उद्या कोण म्हणेल ही दाजीबानं उभी केली? त्याच्या बापानं माठाराशिवाय भांडं कधी घराबाहेर दिलं नव्हतं. आज्यानं दिलं नव्हतं.

त्यानं हातोडी उचलली. म्हणाला, एवढासा कोपरा.

कोपऱ्यावर कुठला तांबट थांबतो! मुकुंदा परत येईपर्यंत नाकापासून शेपटापर्यंत साऱ्या मोटारीवर तीळच तीळ उठले होते. ऊन पडलं की तिच्याकडे बघवेना, अशी लखलखत होती. हरबासुद्धा म्हणाला, "मानलं बुवा! असा माठार बापजन्मात पाहिला नाही."

मुकुंदा घाट चढून आला. खांद्यावरचं रबर त्यानं खाली ठेवलं. मोटारीकडे पाहिलं. ओरडला नाही, रागावला नाही. नुसतं म्हणाला, "पुन्हा."

मग त्यानं शब्द दिल्याप्रमाणं चाकं बसवली, इंजिन सुरू करून दाखवलं, आणि हत्यारांची पिशवी बांधायला घेतली. सगुणा दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. तिला कळलं, आता गेलेला मुकुंदा पुन्हा यायचा नाही.

तेवढ्यात राणीसाहेबांचा मेणा आला. इंजिनाचा आवाज त्यांनी वाड्यावरून ओळखला होता. त्या उतरल्या, दासीच्या आधारानं मोटारीपाशी आल्या. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून हात ठेवला. राजेसाहेबांबरोबर बसायला जाताना जिथं ठेवायच्या, तिथंच. हात पुढं सरकला आणि थांबला.

"ही आमची नाही," त्या म्हणाल्या. "अरे दाजीबा, हिला तर देवी आल्यात. सगळं अंग व्रणांनी भरलंय."

दाजीबाचं तोंड उतरलं.

"सरकार, तो माझा माठार आहे. राज्यात असा कुणाला—"

"असेल," राणीसाहेब म्हणाल्या. "हंड्यावर फार शोभतो. पण मी तुझा हात बघायला आले नव्हते रे. मी तिला भेटायला आले होते."

त्या मेण्यात बसून गेल्या. लोक एकेक करून घरात शिरले. दाजीबा मोटारीला धरून खाली बसला, आणि आधारासाठी त्याचा हात चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला गेला. तिथला पत्रा जुना होता, कधी न कापलेला, न बदललेला. बोटांना काहीतरी लागलं. त्यानं पुन्हा चाचपलं. तांबटाच्या बोटांना ते सांगावं लागत नाही. ते ठोके होते, पण त्याचे नव्हेत. हातोडीचे, माणसाच्या हातचे, ओळीला ओळ लावून दिलेले.

समुद्रापलीकडच्या कुणा कारागिरानं हा पत्रा असाच हातानं घडवला होता. त्यालाही हात होता, त्यालाही अभिमान असेल. पण बाहेरून त्यानं आपली खूण घासून पुसून टाकली होती, आणि मोटारीला तिचं रूप दिलं होतं. आपला हात त्यानं आत ठेवला होता.

दाजीबानं हात बाहेर काढला. मग म्हणाला, "मुकुंदा, जायचं तर जा. मी अडवत नाही. पण माझा हात माझ्याच ठोक्यांना सरावलाय, त्यातलं उंच-सखल त्याला कळायचं नाही. जाण्याआधी एकदा हात फिरवून सांग, कुठं कुठं उंच लागतंय. मला हे सगळं काढायचं आहे."

"सगळं?"

"सगळं."

मुकुंदानं पिशवी खाली ठेवली.

माठार देणं सोपं, काढणं फार कठीण. आतून लोखंडाचा गोळा धरायचा, बाहेरून अलगद ठोकायचं, एकेक तीळ बुजवायचा. मुकुंदाचा तळवा पत्र्यावर फिरायचा, तो म्हणायचा "इथं", आणि दाजीबा ठोकायचा. येताजाता लोक बोलायचे. हरबा म्हणाला, "तांबटानं स्वतःचा माठार पुसायचा म्हणजे बापाचं नाव पुसायचं. लाज वाटत नाही का, दाजीबा?"

"वाटते," दाजीबा म्हणाला. "पण आधी वाटायला हवी होती."

असं करता करता थंडी सरली. मागची पाठ तेवढी राहिली होती, सगळ्यात अवघड उतार. दाजीबाचं मनगट सुजलं, हातोडी धरवेना. त्यानं ती मुकुंदापुढं केली.

मुकुंदानं ती उतरण एकट्यानं केली. त्याचा ठोका निराळा होता. बापाच्या ठोक्यापेक्षा जड आणि संथ. दाजीबा शेजारी बसून ऐकत होता. प्रत्येक ठोक्याला त्याचे हात शिवशिवायचे. इथं जरा हलकं हवं, तिथं जरा कड धरायला हवी, असं ओठांवर यायचं. तो बोटं बोटांत गुंतवून बसून राहिला. काम झाल्यावर मुकुंदानं हातोडी खाली ठेवली आणि बापाकडे पाहिलं.

दाजीबा उठला. पाठीवरून हात फिरवला. उतार त्याच्या मनातल्यापेक्षा किंचित वेगळा होता. हातोडी पायाशीच पडली होती. सगुणा ओसरीवरून बघत होती.

"झालं आहे," दाजीबा म्हणाला. "असंच राहू दे."

हातोडीला न शिवता तो विहिरीवर पाय धुवायला गेला.

मुकुंदा उभाच राहिला. मग तो ओसरीवर आला, आणि इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडून आत जाऊन बसला. "आई," तो म्हणाला, "आज ताट इथंच वाढ."

मोटारीला समुद्राचा रंग चढला. राणीसाहेब पुन्हा आल्या. त्यांनी दारावर हात ठेवला, तो मागपर्यंत फिरवला, आणि डोळ्यांतून पाणी आलं. "हीच," एवढंच म्हणाल्या. मुकुंदानं त्यांना शेजारी बसवून नगराला फेरी मारून आणली. लोकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून नमस्कार केले, आणि राणीसाहेब परत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर कितीतरी वर्षांनी हसू होतं.

त्याच आठवड्यात घाट चढून एक बैलगाडी आली. त्यातून सगुणाची सून उतरली, आणि तिच्या मागून एक परकर सावरणारी नात. या नगरातून त्या नगरात बोलबाला झाला, की तांबट आळीत एक बाप आणि एक लेक आहेत, ते मोडलेली वस्तू होती तशी करून देतात. दूरदूरहून जुने मेणे आले, रथ आले, मोटारी आल्या. हरबाच्या घरालाही काम पुरलं. विझलेल्या चुली पेटल्या, आळीत पुन्हा हातोड्या वाजू लागल्या. आणि दाजीबा-सगुणाच्या ओसरीवर कधी नाही ती जेवायला जागा अपुरी पडू लागली.

तेव्हा लेकरांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: मोडलेलं सांधायला बसलात तर आपली खूण त्याच्यावर उमटवू नका, ज्याचं त्याचं रूप त्याला परत द्या, म्हणजे वस्तू टिकते आणि माणूसही घरी येतं.