तिसरा दिवा

"पण तिला कळणार नाही ना?"

सासूबाई विचारत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दाराअलीकडे उभी, हातात धुतलेल्या कपबश्या. आपल्याविषयीचं बोलणं मधेच तोडून आत जाणं बरं दिसत नाही, म्हणून थांबले.

"नाही कळणार," चक्रपाणी म्हणाला. "अँटिव्हायरस आधी ओरडत होता. त्याला गप्प केलंय."

चक्रपाणी म्हणजे माझा नवरा. लग्नातली मेंदी अजून नखांवर होती.

मी कपबश्या जरा वाजवल्या. आतला विषय वांग्यांवर गेला.

त्या दुपारी घरच्या लॅपटॉपवरून मी ताईला लिहिलं. सगळं छान आहे, माणसं चांगली आहेत, फक्त इथल्या वरणात गूळ नसतो आणि गुळावाचून मला घास उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी वरण गोड.

सासूबाईंनी वाढलं, मी जेवले. आवडलं का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. तेव्हापासून रोज गोड.

ताईला खरं लिहायचं होतं ते वेगळंच. या घरात मला राहवेल की नाही, ते. पण फोनवर बोलायला घर लहान होतं, आणि लिहायला आता जागाच उरली नव्हती.

इथवर निदान हसता येत होतं.

मग एका दुपारी मी केस विंचरत होते. सासूबाई पलीकडच्या खोलीत झोपलेल्या. टेबलावर लॅपटॉप उघडा, त्याला कोणाचा हात लागलेला नाही. पडद्याच्या वरच्या काठावर कॅमेऱ्याची काच असते, तिच्या शेजारचा हिरवा ठिपका लागला.

मी कंगवा खाली ठेवला. ठिपका तसाच.

वाटलं, ऑफिसातून चक्रपाणी बघत असेल. संध्याकाळी सहज विचारलं, दुपारी कुठे होतास. साहेबांबरोबर गाडीत, म्हणाला, डोंगरात, फोनला रेंजसुद्धा नव्हती.

म्हणजे तो नव्हता...

मी पाकिटातली एक टिकली काढून काचेवर लावली. हिरवा ठिपका तरीही अधूनमधून लागायचा. पडद्यावरचा बाण आपला आपण सरकायचा, अंधारात भिंत चाचपत जाणाऱ्या माणसासारखा.

सांगायचं तर आधी काय ऐकलं तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिले. गप्प राहण्यात माझं नाव होतंच.

सासरचे गुरू गोदावरीकाठच्या मठात राहतात. सगळे त्यांना बाबा म्हणतात. त्यांना आता अंधार, उजेड आणि उजेडाचा रंग एवढंच दिसतं, म्हणून मठाला एक रीत पडली आहे. दिवेलागणीनंतर येणाऱ्याने उंबऱ्यात थांबायचं, आपलं नाव सांगायचं, मग आत यायचं. एकाचं नाव दुसऱ्याने सांगायचं नाही.

मठाला कोणा भक्ताने संगणक दिला होता. बाबांची जुनी निरूपणं त्यात ठेवायची होती. त्याचं रक्षण कसं करावं हे सांगायला चक्रपाणीला बोलावणं आलं. आमच्या कॉलनीत कोणाचाही संगणक रुसला की त्यालाच हाक मारतात. आता गुरूंनीच मारली, त्यामुळे गाडीत तो जरा ताठ बसला होता. दाखवायला घरचा लॅपटॉप बरोबर.

आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

"चक्रपाणी," तो उंबऱ्यात म्हणाला.

"कावेरी," सासूबाई म्हणाल्या.

"आणि ही माझी बायको," पुन्हा चक्रपाणीच म्हणाला.

बाबांनी मान माझ्या बाजूला वळवली. वाट पाहिली...

मी तशीच आत गेले.

चक्रपाणीने लॅपटॉप उघडला, फोनवरून इंटरनेट जोडलं. काचेवरची टिकली त्याला दिसली. हे काय चिकटलंय, म्हणत त्याने ती नखाने खरवडून टाकली.

"किती पहारेकरी ठेवलेस?" बाबांनी विचारलं.

तो सांगू लागला. पहिली फायरवॉल, ती वेशीवर. कोण कुठल्या वाटेने आत येतं, कोण बाहेर जातं, यावर तिची नजर.

"कोणी नवी वाट मागितली, तर?"

"मला विचारते."

"तू काय म्हणतोस?"

"हो म्हणतो." चक्रपाणी हसला. "ती इतकं विचारते, बाबा, दर वेळी वाचतो कोण."

दुसरा अँटिव्हायरस. माहितीतल्या चोरांचे चेहरे त्याला पाठ. अनोळखी असला तर तो वागणूक बघतो, कशाला हात लावतो, काय फोडतो.

"आणि मालकच म्हणाला, हा आपला, तर?"

"मग तो त्याच्याकडे बघत नाही."

"मुळीच?"

"मुळीच नाही."

बाबांनी मान हलवली. पुढे, म्हणाले.

पुढे हेर पकडणारं. काहीजण मोडतोड करत नाहीत, नुसते बसून राहतात आणि घरातलं बाहेर कळवतात. त्यांना धरणारं पूर्वी वेगळं घ्यावं लागे, आता बहुतेकदा अँटिव्हायरसबरोबरच येतं. हे चाललं असताना सासूबाईंनी पदर सारखा केला. तो आधीच सारखा होता.

मग पासवर्ड कुलुपात ठेवणारं. सगळ्याची नक्कल दुसरीकडे ठेवणारं, म्हणजे घर जळालं तरी चीजवस्तू वाचते. लहान मुलांवर लक्ष ठेवणारंही असतं, तो घाईने म्हणाला आणि पुढे सरकला.

"एवढे सगळे आहेत. झोप लागत असेल."

"शांत, बाबा."

बाबांनी मान गादीकडून उंबऱ्याकडे फिरवली.

"आज इथे दिवे किती लावलेत?"

दोन, चक्रपाणी म्हणाला. एक गादीपुढे, एक उंबऱ्याशी. लॅपटॉपचा उजेड काय तो वेगळा.

"तो पांढरा. तो कळतो मला... त्याच्या डोक्यावर हिरवं काय लागलंय?"

आम्ही तिघांनी पाहिलं.

"असं होतं कधीकधी," चक्रपाणी म्हणाला. "आपोआप."

बाबा उठले. खांबाला हात लावत लॅपटॉपपुढे आले आणि अगदी समोर मांडी घालून बसले. हात जोडले.

"दंडवत. दिवेलागण झाली आहे. नाव सांगा."

...

लॅपटॉपचा पंखा मोठ्याने फिरू लागला. बाण पडद्याच्या कोपऱ्याकडे सरकत होता, तो थांबला. रस्त्यात मागून हाक आली की माणूस थांबतो, तसा.

बाबा वाट पाहत राहिले. मघाशी माझी पाहिली होती तितकीच.

हिरवा ठिपका विझला.

"गेला वाटतं," सासूबाई पुटपुटल्या.

"बाई, डोळे मिटले म्हणजे माणूस उठून गेला का?"

चक्रपाणीने फोन हिसकावल्यासारखा उचलला, इंटरनेट तोडलं. मग अँटिव्हायरस उघडला. ज्यांच्याकडे बघू नकोस असं मालकाने सांगितलेलं असतं, त्यांच्यासाठी तिथे एक जागा असते. तिथे एकच नाव होतं. मुलांवर लक्ष ठेवायचं एक सॉफ्टवेअर, कुठल्याशा साइटवरून फुकट उतरवलेलं. आता अँटिव्हायरसला त्याच्याकडे बघू दिलं तेव्हा कळलं, ते चक्रपाणीला जे आणून देत होतं तेच आणखी कोणाला तरी नेऊन देत होतं, आणि त्याच दाराने तो कोणीतरी आत येत होता.

"हे तर मीच बसवलं..."

"तुझ्या पहारेकऱ्यांपैकी कोणी ओरडलं नाही?"

"ओरडला होता." चक्रपाणी म्हणाला. "मीच त्याला सांगितलं, हा आपला आहे."

"कशाला आणलास?"

"लहान मुलांवर लक्ष..."

"घरात मूल आहे?"

चक्रपाणी खाली बघू लागला. उत्तर सासूबाईंनी दिलं.

"नवं माणूस घरात येतं, बाबा. त्याच्या मनात काय ते कसं कळावं? ही सदा मिठाची गुळणी धरून. बरं आहे का म्हटलं तर हो, नको का म्हटलं तर हो. भीती वाटते हो... एक दिवस उठून निघून गेली तर?"

त्यांना भीती वाटत असेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

"आणि आता भीती गेली?" बाबांनी विचारलं.

सासूबाईंनी त्या बंद ठिपक्याकडे पाहिलं. पदर तोंडाशी नेला. गेल्या कित्येक दुपारी त्याही त्याच्यासमोर वावरल्या होत्या.

बाबांनी मान वळवली. आता त्यांचं तोंड माझ्याकडे होतं.

"उंबऱ्यातून एक नाव अजून आत आलेलं नाही."

मी उठले. लॅपटॉपजवळून जाताना कपाळावरची टिकली काढली आणि काचेवर लावली.

"अगं, गुरूंसमोर..." सासूबाई म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या.

मी उंबरा ओलांडून बाहेर गेले. बाहेर नदीचा वास आणि गावाकडे जाणारा रस्ता. कपाळ मोकळं मोकळं वाटत होतं. या रस्त्याने सरळ चालत गेलं तर पहिली एसटी कुठे मिळेल, याचा मी खरोखर विचार केला.

आत कोणी हाक मारली नाही. मी खांद्यावरून पाहिलं. चक्रपाणीने घसा साफ केला, तशी बाबांनी तळहात वर केला. ते वाट पाहत होते...

मी वळले. पाय उंबऱ्याबाहेरच ठेवले. त्या तिघांची तोंडं दिव्यात होती, माझं अंधारात.

"मी केतकी," मी म्हणाले. "आई, वरणात गूळ मला मुळीच आवडत नाही."